वीस मिलिअँपिअरचा दिवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्याच इमारतीतला आठवीत शिकणारा एक मुलगा संध्याकाळी दाराशी येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. एका हातात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दुसऱ्या हातात तुरीच्या दाण्याएवढा एलईडी. म्हणाला, "काका, दुकानदारानं फसवलं. लावला, एकदम झक्क पेटला आणि गेला." मी तो एलईडी उजेडात धरून पाहिला. आत काळा ठिपका पडला होता. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. या छंदात पडलेल्या बहुतेकांनी आपला पहिला एलईडी असाच मारलेला असतो. मीही मारला होता. माझा लाल होता, आणि जाण्यापूर्वी क्षणभर नारिंगी झाला होता. तेव्हा मला तो चमत्कारच वाटला होता.

टॉर्चमधला जुना काचेचा बल्ब स्वतःची काळजी स्वतः घेतो. त्याच्या आतली तार तापली की तिचा विरोध वाढतो, आणि ती जास्त वीज आत येऊ देत नाही. एलईडीला ही अक्कल नाही. त्याचं वागणं ओढ्यावरच्या बंधाऱ्यासारखं आहे. पाणी बंधाऱ्याच्या माथ्याखाली असेपर्यंत पलीकडं थेंब जात नाही. माथ्यावर बोटभर पाणी चढलं की धो धो वाहू लागतं. लाल एलईडीच्या बंधाऱ्याची उंची साधारण २ व्होल्ट, पांढऱ्या किंवा निळ्याची ३ ते ३.४ व्होल्ट. त्याच्यावर तुम्ही ९ व्होल्टचा पूर सोडलात, तर तो बिचारा किती वेळ टिकणार? शिवाय एलईडी तापला की हा बंधारा वर जाण्याऐवजी थोडा खाली येतो. म्हणजे तापला की वीज आणखी वाहते, आणि वाहिली की तो आणखी तापतो.

म्हणून मध्ये एक रेझिस्टर घालायचा. हिशोब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. बॅटरी ९ व्होल्टची, त्यातले ३ एलईडीचे, राहिले ६. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर वीज मानवते. ६ भागिले ०.०२, उत्तर ३००. बाजारात जवळचा ३३० ओहमचा मिळतो, तो घ्यायचा. त्याच्यावरचे रंगीत पट्टे नारिंगी, नारिंगी आणि तपकिरी. मी त्या मुलाला माझ्या डबीतून एक दिला. त्यानं एलईडीचा लांब पाय धन बाजूला घेतला, दिवा पेटवला आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसला. पाच मिनिटं झाली तरी तो गेला नाही, हेच त्याला नवल.

तो २० मिलिअँपिअरचा आकडा श्रोत्यांनी जरा लक्षात ठेवावा. पुढं त्याच्याकडं मला परत यायचंय.

माझ्या लहानपणी एलईडी म्हणजे लाल ठिपका. रेडिओवर, अॅम्प्लिफायरवर, स्टॅबिलायझरवर तो मिणमिणायचा, आणि यंत्र चालू आहे एवढंच सांगायचा. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी केला. पुढं हिरवा आला, पिवळा आला. निळा मात्र कोणाला धड जमेना. आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही, पांढऱ्याशिवाय घरात उजेड होत नाही. ते काम जपानी माणसांनी केलं. इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी, आणि शिकोकू बेटावरच्या एका छोट्या रसायन कंपनीत नोकरी करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी. प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये जगापुढं आला, आणि तीन वर्षांत त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा एलईडी तयार झाला. निळा आणि पिवळा उजेड एकत्र डोळ्यांत शिरला की आपल्याला तो पांढरा वाटतो. खोटं वाटत असेल तर घरातल्या टॉर्चमधला एलईडी विझवून जवळून बघा, आत पिवळी टिकली दिसेल. या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बातमी वाचली तेव्हा, सांगायला हरकत नाही, मला आपल्या घरात कोणाला तरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. कारण तोवर त्या निळ्या ठिपक्यानं माझ्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या होत्या.

त्या संध्याकाळी भारनियमनाच्या. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात दिवे किती तास जात होते, ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. शहरात काही तास, खेड्यात तर अर्धा अर्धा दिवस. त्याच सुमारास पांढरे एलईडी पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे मिळायला लागले. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा बघावी. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड तसं आम्हा पुणेकरांना हे. खांद्याला खांदा लावून दुकानं, आणि काउंटरवर कागदाच्या पुड्यांत बांधलेले ट्रान्झिस्टर, जसे वाण्याकडं मोहरी-जिरे. मी शनिवारी बँकेतून अर्ध्या दिवसानं सुटलो की थेट तिथं जायचो.

पहिला इमर्जन्सी दिवा केला तो ६ व्होल्टच्या बंद लेड-अॅसिड बॅटरीवर. चोवीस पांढरे एलईडी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येकाला स्वतंत्र, यावर मी जोर देतोय, कारण माझी पहिली हुशारी अशी होती की चोवीस जणांना मिळून एकच मोठा रेझिस्टर पुरेल. पैसे वाचतील, सोल्डरिंगचं काम वाचेल. पण एकाच पुडीतून निघालेल्या एलईडींच्या बंधाऱ्यांची उंचीही अगदी सारखी नसते. ज्याचा माथा केसभर खाली, तो सगळ्यांच्या वाटची वीज ओढतो, तापतो, आणखी ओढतो, आणि जातो. मग पुढच्याची पाळी. आठवड्याभरात माझ्या दिव्याचे निम्मे दात पडले. पुन्हा सगळं उपसून नव्यानं केलं, तेव्हा कुठं तो चार्ज केल्यावर सहा-सात तास चालायला लागला. आमच्या गल्लीतल्या दहावीच्या तीन मुलींनी त्या वर्षी त्याच्याभोवती बसून अभ्यास केला. उजेड चांगला होता की वाईट, मला सांगता येणार नाही. मेणबत्तीपेक्षा बरा होता, आणि वही पेटायची भीती नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या दिव्यानं शिकवली. एलईडी म्हणजे आयुष्यभर टिकणारा, असं तेव्हा सगळीकडं लिहिलेलं असायचं. माझे ते स्वस्तातले पांढरे एलईडी वर्षभरात निस्तेज झाले. २० मिलिअँपिअर ही त्यांची कमाल मर्यादा, आणि मी रोज त्यांना मर्यादेला टेकवत होतो. त्यानंतर मी बाराच्या वर गेलो नाही. डोळ्यांना वीस आणि बारा यांतला फरक फारसा कळत नाही, दिव्याला मात्र कळतो. आणि मोठे, एक वॉटचे एलईडी आले तेव्हा 'एलईडी तापत नाही' हा गैरसमजही गेला. त्यांना ३५० मिलिअँपिअर लागतात, आणि पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा दिला नाही तर बोट भाजतं.

एक गंमत सांगतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला की आपण फेकून देतो. तो खरं तर संपलेला नसतो, त्याच्यात घड्याळ चालवायची ताकद उरलेली नसते, एवढंच. अशा एका म्हाताऱ्या सेलवर, ज्यात एक व्होल्टच्या आसपास उरलाय, तीन व्होल्टचा पांढरा एलईडी पेटवता येतो. हौशी लोक या सर्किटला 'ज्यूल थीफ' म्हणतात, म्हणजे ऊर्जेचा चोर. जळलेल्या सीएफएलच्या आतून बांगडीसारखं छोटं फेराइटचं कडं काढायचं, त्याच्यावर दोन तारा एकत्र धरून वेढे द्यायचे, एक साधा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एक १ किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा. कड्यात वीज साठते, तुटते, आणि तुटताना उसळी मारते. पंपाचं पाणी एकदम बंद केलं की पाइप कसा धडकतो, तसं. ती उसळी बंधारा ओलांडते. सेकंदाला हजारो वेळा हे घडतं, म्हणून आपल्याला दिवा सलग पेटलेला दिसतो. दोन तारांपैकी एकीची टोकं उलटी जोडावी लागतात. ती सुलटी जोडली गेली तर काहीच होत नाही, आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो. मी दोन तास बसलो होतो.

आता ज्या दिव्यासाठी मी आज बोलायला आलो, त्याच्याकडं येतो.

आई तेव्हा कराडला एकटी राहायची. जुनं घर, मधल्या खोलीतून मोरीकडं जाणारा अंधारा बोळ. रात्री तिला दोनदा उठावं लागायचं. बोळात झिरोचा बल्ब रात्रभर जळायचा. नाव झिरोचा, पण खातो चांगले १५ वॉट. महिन्याला चार-साडेचार युनिटं. पैशाचा प्रश्न नव्हता, तो सारखा जायचा हा प्रश्न होता, आणि स्टुलावर चढून तो बदलणार आई. तेव्हा मी ठरवलं की हिला आपण न जाणारा दिवा करून द्यायचा.

२००७ च्या उन्हाळ्यात तो केला. बॅटरी नको, ट्रान्सफॉर्मर नको, सरळ घरातल्या २३० व्होल्टवर चालणारा. हे सर्किट त्या काळी हौशी मंडळींत फार लाडकं होतं, आजही आहे. मेन्सच्या एका तारेत ०.२२ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा कपॅसिटर घालायचा. उलटसुलट वाहणाऱ्या विजेला, म्हणजे एसीला, कपॅसिटर विरोध करतो, आणि रेझिस्टरसारखा तापत मात्र नाही. ५० सायकलच्या विजेला या कपॅसिटरचा विरोध साधारण साडेचौदा हजार ओहम भरतो. २३० ला त्यानं भागलं की १६ मिलिअँपिअर. एलईडीला हवी तेवढीच वीज. पुढं चार डायोडचा ब्रिज, आणि त्याच्यापुढं माळेत आठ एलईडी. सगळं मिळून काडेपेटीत मावेल एवढं. मी ते प्रवासात वापरतात त्या साबणाच्या डबीत बसवलं, मागं टू-पिन लावली. डबीच्या झाकणाला भोकं पाडून एलईडीची डोकी बाहेर काढली. देखणा झाला होता, असं मी आजही म्हणेन. आईनं त्याला हळदकुंकू लावलं.

नोव्हेंबरात दिवाळीला गेलो तर बोळात पुन्हा झिरोचा बल्ब. "तुझा दिवा गेला रे," आई म्हणाली. मी म्हटलं, दे, दुरुस्त करतो. ती म्हणाली, "कुठं ठेवलाय कोण जाणे, आता राहू दे." डिसेंबरात पुन्हा तेच. मला थोडा रागही आला. एवढ्या कष्टानं केलेली वस्तू हिनं हरवावी?

शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. दिवाळीच्या आधी आई घर पुसत होती. ओल्या फडक्यानं तिनं डबीही पुसली, पिन काढायची तिच्या लक्षात आलं नाही. झाकण निसटलं आणि बोटं आतल्या तारांना लागली. पायात चप्पल नाही, बोळातली फरशी ओली. काकूंना आवाज आला तो आई पडल्याचा. उजव्या हाताला दिवसभर मुंग्या होत्या, कोपरावर सूज आली होती. सोडवलं कोणी नाही, तोल जाऊन ती मागं पडली म्हणून हात सुटला. तिनं काकूंना शपथ घातली होती की मला सांगायचं नाही. "त्यानं किती हौसेनं केलाय," एवढंच म्हणाली होती.

त्या रात्री मी कराडला, त्याच बोळात, कागद घेऊन बसलो आणि हिशोब केला. तो मी आधीच करायला हवा होता. माझं सगळं गणित एलईडीच्या बाजूनं होतं. एलईडीला १६ मिलिअँपिअर, छान. पण माणसाच्या हातातून किती वीज गेली तर तो हात आपला आपण सोडवू शकत नाही? स्नायू आखडून तार घट्ट धरली जाते, अशी मर्यादा बायकांच्या बाबतीत साधारण १० आणि पुरुषांच्या बाबतीत १६ मिलिअँपिअरच्या आसपास मानतात. तीसच्या वर, काही सेकंदांसाठी का होईना, गेली तर श्वास आणि हृदय यांचं काही खरं नाही. घरात जे ईएलसीबी बसवतात, ते ३० मिलिअँपिअरला तुटेल असं केलेलं असतं, ते यासाठीच. म्हणजे एक इवलासा दिवा सुखानं पेटवायला जेवढी वीज लागते, तेवढीच माणसाचा हात पकडून ठेवायला पुरते. मला वाटायचं, २० मिलिअँपिअर म्हणजे किरकोळ. ते एलईडीसाठी पोटभर आहे आणि माणसासाठीही.

आणि हे झालं कपॅसिटर मध्ये असताना. आता टू-पिनचा विचार करा. ती कशीही उलटसुलट खोचता येते. एका बाजूनं खोचली तर फेज कपॅसिटरमधून येते. दुसऱ्या बाजूनं खोचली तर कपॅसिटर न्यूट्रलच्या तारेत जातो, आणि फेज नुसत्या एका डायोडमधून थेट एलईडीच्या पायांवर येऊन बसते. दिवा दोन्ही वेळी सारखाच दिसतो. पण दुसऱ्या वेळी एलईडीचा पाय धरून ओल्या फरशीवर उभं राहिलेल्या माणसाच्या आणि वीजमंडळाच्या मध्ये काहीच उरत नाही. आईनं ती पिन कोणत्या बाजूनं खोचली होती, हे मला कधीच कळणार नाही.

सर्किट चुकीचं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. ते जिथं कोणाचाही हात पोचणार नाही अशा बंदिस्त खोक्यासाठी आहे. मी ते साबणाच्या डबीत घातलं आणि झाकण नुसतं दाबून बसवलं. कपॅसिटरवर एक मोठा रेझिस्टर आडवा जोडायचा असतो, म्हणजे पिन काढल्यावर त्यात साठलेली वीज निघून जाते. तोही मी घातला नव्हता. दिवा पेटतो ना, मग झालं, असं वाटलं.

त्यानंतर मी एक नियम केला. मेन्सची तार माझ्या दिव्यात शिरणार नाही. मेन्स आणि दिवा यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे दोन वेटोळी, एकमेकींना न चिकटलेली. वीज लोखंडातून किंवा फेराइटमधून चुंबकाच्या रूपानं पलीकडं जाते, तारेनं जात नाही. पूर्वी त्यासाठी पाव किलोचा ट्रान्सफॉर्मर लागायचा. आता प्रत्येक घरात तो पडून असतो, जुन्या मोबाइलच्या चार्जरच्या रूपानं. चांगल्या, बीआयएसची खूण असलेल्या चार्जरमध्ये ही दोन वेटोळी नीट वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर मिळणाऱ्या चाळीस-पन्नास रुपयांच्या चार्जरवर मात्र मी विश्वास ठेवत नाही. असले दोन-चार मी फोडून पाहिलेत. दोन बाजूंमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढं होतं.

तर चार्जर ५ व्होल्टचा. पांढऱ्या एलईडीचे ३.२ गेले, राहिले १.८. बारा मिलिअँपिअरनं भागा, १५० ओहम. असे तीन एलईडी, प्रत्येकाला आपापला १५० चा रेझिस्टर. एलईडी पाव वॉटसुद्धा खात नाहीत, चार्जर स्वतःसाठी थोडी वीज खातो ती वेगळी. रात्री मोरीत जाणाऱ्या माणसाला याहून जास्त उजेड लागत नाही, उलट जास्त असला तर झोप उडते. नवखा माणूसही एका रविवारी हा दिवा करू शकेल. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, थोडं सोल्डर आणि खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत घेऊ नये. सोल्डर आयर्नवर वितळवून जोडावर थापायचं नाही. आधी जोड तापवायचा, मग सोल्डर आपणहून पाण्यासारखं पसरतं. ज्याचा जोड चकचकीत त्याचं काम जमलं, ज्याचा मातकट गोळा त्याचं पुन्हा.

आता त्या आठवीतल्या मुलाकडं वळतो. तो आठवड्यानं परत आला. आता हातात घरातला बंद पडलेला ९ वॉटचा एलईडी बल्ब होता. २०१५ पासून 'उजाला' योजनेमुळं हे बल्ब स्वस्त झाले आणि घराघरांत पोचले, ते फार चांगलं झालं. झिरोच्या बल्बच्या काळात वाढलेल्या माझ्यासारख्याला तर ते स्वप्नवतच आहे. पण बल्ब बंद पडले की मुलं ते उघडतात. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. बल्बचं टोपण काढायचं, ज्या एलईडीवर काळा ठिपका दिसेल तो खरवडून काढायचा, तिथं सोल्डरचा थेंब टाकायचा, की बल्ब चालू. खरं आहे, चालू होतो. आतले एलईडी एका माळेत असतात, एक गेला की सगळे जातात, आणि गेलेल्याच्या जागी पूल बांधला की माळ पुरी होते. त्या मुलानं तोवर टोपण उचकटलंही होतं आणि आतली गोल अॅल्युमिनियमची चकती मला दाखवत होता. म्हणाला, "काका, होल्डरला लावून बघू, कुठला गेलाय ते कळेल."

मी त्याच्या हातातून बल्ब काढून घेतला. जरा जोरातच काढून घेतला असेन, कारण तो दचकला. बऱ्याच स्वस्त बल्बांत त्या चकतीवरचे एलईडी आणि होल्डरमधली फेज यांच्यात कोणतीही वेगळी वेटोळी नसतात. प्लॅस्टिकचं टोपण हेच त्याचं संरक्षण. ते काढून बल्ब होल्डरला लावणं म्हणजे माझी साबणाची डबी, झाकण निसटलेली. आणि पिन काढल्यावरसुद्धा आतला कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो.

मग त्याला टेबलाशी बसवलं आणि कराडची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली. पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे आजींना किती मिलिअँपिअर बसले असतील?" मी म्हटलं, काढ. त्यानं वहीत हिशोब मांडला. ओल्या हाताचा विरोध किती धरायचा ते मी सांगितलं, साधारण १००० ओहम. कपॅसिटर मध्ये धरून त्याचं उत्तर पंधरा-सोळाच्या आसपास आलं. कपॅसिटर नसताना काढलं तेव्हा २३० आलं. त्यानं एकदा खोडून पुन्हा भागाकार केला. मग सांगितलं मी त्याला, मध्ये एक डायोड आहे, अर्धीच वीज जाईल. तो म्हणाला, "अर्धे म्हणजे पण ११५," आणि गप्प बसला.

त्या बल्बची चकती आम्ही वाया घालवली नाही. बाहेर काढून, कशालाही न जोडता, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक एलईडी तपासला. जो बारीक चमकत नव्हता तो गेलेला. एवढं बघायला मेन्सची गरज लागत नाही. दिवाळीला आकाशकंदील करायचा त्याचा बेत आहे. चार्जरवर चालणारा, आणि दिवे पळते हवेत म्हणून त्यानं ५५५ आणि ४०१७ हे दोन आयसी मागितलेत. ४०१७ चे दहा पाय एकामागून एक पेटतात, म्हणजे दहा पाकळ्यांचा कंदील. कागद कोणता, यावर त्याचं आणि त्याच्या आईचं अजून जमलेलं नाही.

कराडला आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. घरात ईएलसीबी बसवून घेतलं, बोळात चार्जरवरचा दिवा आहे. मधल्या काळात दोन चार्जर गेले, एलईडी मात्र पहिलेच. नवा दिवा घेऊन गेलो तेव्हा आई लांब उभी राहिली होती. मी मोरीतून हात ओला करून आलो आणि तिच्यासमोर एलईडीचे उघडे पाय धरून उभा राहिलो. तेव्हा ती जवळ आली.

दर रविवारी फोन होतो. दिवा चालू आहे ना, असं मी तिला विचारतो. चालू आहे, म्हणते. मग मी शेजारच्या काकूंनाही फोन करून विचारतो.